टॉन्सिल काढले तेव्हा कबूल केलेलं आईस्क्रीम कोणाला खरंच मिळालं का?

महालवासी

परवा एका लग्नात जेवणानंतर व्हॅनिला आईस्क्रीमचा कप हातात आला आणि नेहमीप्रमाणे मी तो बायकोकडे सरकवला. समोर बसलेल्या पोट्ट्याने विचारलं, "काका, तुम्ही आईस्क्रीम काऊन नाही खात?" त्याला तिथे काय सांगणार, म्हणून इथे लिहितोय.

मे १९७९. माझी तिसरी नुकतीच संपलेली. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. वर्षातून सहा-सात वेळा माझा घसा धरायचा. ताप, गिळताना टाचण्या टोचल्यासारखं, शाळा बुडालेली. देवघराच्या बाजूच्या फळीवर तपकिरी औषधाची बाटली कायम असे, मँडल्स पेंट. बाबा काडीला कापूस गुंडाळून ते घशात फिरवायचे. आधी पेपरमिंटची चव, पाठोपाठ उमासा. आजीचं निदान वेगळं होतं. तिच्या मते माझी पडजीभ पडली होती. ती मला पुढ्यात बसवून टाळूवरचे केस चिमटीत धरायची आणि एकदम वर ओढायची. 'टक्' वाजलं की म्हणायची, "उचलली गेली." कधीकधी दुसऱ्या दिवशी बरंही वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

त्या दिवशी सकाळपासून मला आणि धाकट्या भावाला काही खायला दिलं नाही. बाबा म्हणाले, "बर्डीला (म्हणजे सीताबर्डीला) आईस्क्रीम खायला जायचं आहे, पोट रिकामं ठेवा." आम्ही खूश. सायकल रिक्षा गांधीसागराच्या कडेने कॉटन मार्केटला आली, लोहापुलाखालून बाहेर पडली आणि बर्डीकडे वळायच्या ऐवजी दवाखान्यांच्या धंतोलीत शिरली. आईने पदराने तोंड पुसलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

धाकट्याला घशाचा काही त्रास नव्हता. भूल देणारे डॉक्टर आलेच आहेत तर त्याचंही उरकून टाकू, असा हिशोब झाला. (हो, खरंच. हे आज कोणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.)

पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तोंडावर जाळीचा गोल मुखवटा, त्यावर गॉज, त्यावर बाटलीतून पडणारे थेंब. गोडसर, गुदमरवणारा वास. कोणीतरी माझे गुडघे दाबून धरलेले. "आकडे मोज." मी अकरापर्यंत गेलो.

आणि मग हे. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावरून पाणी टपटपतंय, खोलीत ओल्या वाळ्याचा वास. घशात निखारे. समोर स्टुलावर बाबा. हातात आईस्क्रीमचा कप आणि लाकडी चमचा. माझ्याकडे बघत बघत ते स्वतः खाताहेत, एकेक चमचा. मला बोलता येत नव्हतं. त्यांनी कप संपवला.

बाबा २००९ मध्ये गेले. तोपर्यंत तीस वर्षं मी त्यांना हे विचारलं नाही. तुमचा अनुभव काय? कबूल केलेलं आईस्क्रीम मिळालं का?

तर्रीपोहे

काका, पोट्ट्याचं आईस्क्रीम बापाने त्याच्यासमोर बसून खाल्लं? हा तर सरळ गुन्हा आहे बे! धागा वर आणण्यासाठी इतकंच. माझे टॉन्सिल जागेवर आहेत.

इतवारीची लेक

मला मिळालं होतं, पण त्याच्याआधीचं सांगते. १९८४, ऑगस्ट. ऑपरेशन मे महिन्यातच ठरलेलं, पण प्रत्येक तारखेला मला ताप यायचा. शेवटी पोळ्याच्या दोन दिवस आधी झालं. पोळ्याला घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी मारबत.

बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी आणि काळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. पिवळी १८८५ पासूनची, काळी त्याहून जुनी, १८८१ची. आपल्याला जे जे नको ते तिच्यासोबत गावाबाहेर धाडायचं. आमच्या गॅलरीखालूनच मिरवणूक जायची. मला पांघरुणात गुंडाळून गॅलरीत बसवलं होतं. खाली पोरं ओरडत होती, "इडा पिडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" आणि आमचा काका, ज्याला कुठे काय बोलावं हे आजही कळत नाही, कठड्यावरून वाकून ओरडला, "आमच्या पोरीचे टॉन्सिल घेऊन जा गे मारबत!" खालच्या दहा-वीस जणांनी ते उचललं. मला इतकं हसू आलं आणि हसताना घसा इतका दुखला की मी हसत हसत रडले. पुढे कित्येक वर्षं माझी समजूत होती की डॉक्टरांनी ते काढून मारबतीच्या पोटात ठेवले आणि तिच्यासोबत जाळले.

आईस्क्रीम संध्याकाळी मिळालं. दिनशॉचा कप. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी पूर्ण खाल्लं. सोडते की काय!

कडूलिंब

माझ्या बाबतीत आईस्क्रीमपेक्षा बाटली महत्त्वाची. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काचेच्या बाटलीत घालून ते मला दाखवले, "हे बघ तुझे." दोन गुलाबी-पांढरट गोळे, साल काढलेल्या लिचीसारखे. मी हट्ट धरून घरी आणले. शाळा सुरू झाल्यावर वर्गात न्यायचा बेत होता.

आजीला पटेना. शरीराचा भाग असा फळीवर ठेवतात का, आणि कचऱ्यात तरी टाकतात का? दोन दिवस घरात वाद. शेवटी आजोबांनी परसातल्या पेरूच्या बुंध्याशी खड्डा करून ते पुरले. आजीने वर हळदकुंकू वाहिलं की नाही ते आठवत नाही, पण वाहिलंच असेल.

त्या हिवाळ्यात झाड पेरूंनी लदबदलं. आम्हा चार भावंडांपैकी एकानेही एक पेरू खाल्ला नाही. सगळे शेजाऱ्यांना वाटले. शेजारी आजही त्या पेरूंची तारीफ करतात.

तर्रीपोहे

कडूलिंबताई, मी हे वाचताना पेरूच खाऊन राहिलो होतो. धन्यवाद.

नाककानघसा

या धाग्यावर यायलाच हवं होतं. तीस वर्षं झाली या कामात, त्यातली बरीच नागपुरात.

महालवासी, तुम्हाला दिला तो ईथर. जाळीच्या मुखवट्यावर गॉज घालून थेंब थेंब सोडायचा. फार जुनी पद्धत, पण यंत्र लागत नाही, म्हणून छोट्या दवाखान्यांतून उशिरापर्यंत चालू होती. भूल चढायला वेळ लागतो, आधी पोरगं हातपाय झाडतं, म्हणून गुडघे धरावे लागत. उतरतानाही उलट्या आणि गुंगी. त्या गुंगीतलं एखादंच चित्र लख्ख राहतं आणि त्याच्या आगचं-मागचं पुसलं जातं. त्यामुळे तुमच्या वडिलांवर खटला भरण्याआधी साक्षीदार तपासा.

धाकट्या भावाबद्दल वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. तो काळच तसा होता, आणि फक्त आपल्याकडेच नाही. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये १००० शाळकरी मुलांचे घसे पाहिले. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांपैकी १७४ जणांचे काढावेत असं डॉक्टर म्हणाले. ज्यांना नको म्हटलं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली, त्यांनी ९९ निवडली. राहिलेली ११६ पुन्हा वेगळ्यांकडे पाठवली, तिथे ५१ निघाली. हजारांतली ६५ पोरं तेवढी सुटली. चौथा डॉक्टर भेटला असता तर त्यांचंही काही खरं नव्हतं.

आता आम्ही मोजतो. घसा वर्षात सात वेळा धरला, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी ताप, गाठी, पू यांपैकी काहीतरी नोंदलेलं असेल, तर विचार करायचा. नाहीतर थांबायचं. वय वाढलं की बऱ्याच मुलांचं आपोआप कमी होतं. आज माझ्याकडे जी ऑपरेशनं होतात त्यांतली पुष्कळशी घसादुखीसाठी नसतातच. झोपेत श्वास अडकतो म्हणून असतात.

पडजीभ आणि टॉन्सिल या दोन वेगळ्या गोष्टी. पडजीभ मधोमध लोंबते, टॉन्सिल दोन बाजूंना. केस ओढून दोन्हींपैकी काहीच उचललं जात नाही. 'टक्' हा टाळूच्या कातडीचा आवाज.

वाळ्याचापडदा

डॉक्टर, आईस्क्रीमच का पण? बाकी वर्षभर तर "आईस्क्रीम खाल्लंस म्हणून टॉन्सिल सुजले" असं ऐकवायचे. बर्फगोळा बंद, बोरं बंद, चिंच बंद, पेप्सीकोला तर नावच काढायचं नाही. आणि कापून झालं की तेच आईस्क्रीम औषध!

नाककानघसा

थंडीने जखमेची आग जरा बोथट होते, आणि रुसलेलं पोरगं निदान तेवढं तरी गिळतं. गिळणं महत्त्वाचं. मूल दुखतं म्हणून पाणी पीत नाही, घसा कोरडा पडतो, मग आणखी दुखतं. आईस्क्रीमच हवं असं काही नाही. गार दूध, गार वरणभात, काहीही चालतं. आणि टॉन्सिल सुजतात ते जंतू आणि विषाणूंमुळे. बोरांना आणि बर्फगोळ्याला उगाच बदनाम केलं. बर्फ कुठल्या पाण्याचा होता ही गोष्ट वेगळी.

पऱ्हाटी

तुम्ही सगळे काढल्याच्या गोष्टी सांगताय, मी न काढल्याची सांगते. आमचं गाव काटोलकडचं. मलाही सारखा घसा धरायचा. गावात एक बाई होत्या, त्या अंगठ्याला राख लावून घशातल्या गाठी दाबायच्या. रक्त आलं की "घाण निघाली" म्हणायच्या. आईने दोनदा नेलं. आई बिचारी जे ठाऊक होतं ते करत होती.

अकराव्या वर्षी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट. सगळे म्हणाले, वाढीचं अंग आहे. श्वास लागायला लागला तेव्हा बाबांनी नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी कानाला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. घशातल्या एका जातीच्या जंतूमुळे येणारा संधिवाताचा ताप. तो सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं ते बाबांना म्हणाले. ते वाक्य बाबा मरेपर्यंत विसरले नाहीत.

मग दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, कमरेत. घट्ट पांढरं औषध, जाड सुई, दोन दिवस लंगडत चालायचं. दर खेपेला एसटीने यायचं, रांग लावायची, लंगडत परत जायचं. कॉलेज संपलं तरी चालू होतं. रांगेतल्या पोरी ओळखीच्या झाल्या होत्या, दोघींच्या लग्नालाही गेले. एका वर्गमैत्रिणीचे टॉन्सिल काढले आणि तिला आईस्क्रीम मिळालं, तेव्हा मी तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. माझी हृदयाची झडप आजही जरा गळते, पण दोन मुलं झाली, शेती सांभाळते, ठीक आहे.

एवढंच सांगायचं, मुलाचा घसा दुखून ताप आला आणि डॉक्टरांनी दहा दिवसांची गोळी दिली तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

इतवारीची लेक

पऱ्हाटीताई 🙏 आपण इथे आईस्क्रीमवर भांडून राहिलो.

सहाचीगाडी

धागा शोधतच आले. माझी मुलगी सहा वर्षांची. तोंड उघडं टाकून घोरते, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, मग दचकून कूस बदलते. मी रात्र रात्र तिच्या छातीकडे बघत बसते. टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड, दोन्ही वाढलेत. पुढच्या गुरुवारी काढायचं ठरलंय.

प्रश्न असा आहे की तिला सांगावं का? सासूबाई म्हणतात, "काही सांगू नको, फिरायला चाललो म्हणून ने, पोर घाबरेल." नवऱ्याचंही तेच. महालवासीकाकांचं वाचल्यापासून मला झोप नाही.

रोजगुळण्या

ऑपरेशन कशाला? हळद-मिठाच्या गुळण्या, जेष्ठमध, आणि सहा महिने गोड गोळ्या. माझ्या पुतण्याचं गेलं.

नाककानघसा

पुतण्याचं वयानेही गेलं असेल. गुळण्यांना माझी ना नाही, घसा शेकतो. पण झोपेत श्वास थांबणाऱ्या मुलीला सहा महिने थांबवू नका.

सहाचीगाडी, सांगा. एक-दोन दिवस आधी, तिला समजेल अशा शब्दांत. झोपेचं औषध देतील, उठल्यावर घसा दुखेल, काही दिवस दुखेल, मग थांबेल, आणि उठशील तेव्हा मी तिथेच असेन. "अजिबात दुखणार नाही" हे मात्र म्हणू नका. पहिल्या आवंढ्यालाच तुमचं खोटं उघडं पडतं, आणि मग ती तुमच्या हातून पाणीही प्यायची नाही.

तुम्हाला घाबरवणाऱ्या गोष्टी आधीच सांगून ठेवतो. घशात पांढरा थर दिसेल, तो पू नाही, जखम भरतेय. कान दुखतो म्हणेल. कानाला काही झालेलं नसतं, घशाची आणि कानाची नस एकच, म्हणून तिथे कळ जाते. तोंडाला वास येईल. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा ताजं लाल रक्त दिसलं तर फोन-बिन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि दात हलत असेल तर भूल देणाऱ्यांना आधी सांगा. या वयात एखादा हलतोच.

कडूलिंब

सांगच गं तिला. बाटली मात्र मागू देऊ नकोस.

महालवासी

डॉक्टरांनी साक्षीदार तपासा म्हटलं होतं. आई ८१ वर्षांची आहे, कान शाबूत, स्मरण माझ्यापेक्षा बरं. काल दुपारी तिच्या खाटेशी बसून विचारलं. ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"तुझ्या बापाने नाही खाल्लं रे तुझं आईस्क्रीम. म्हणजे खाल्लं, पण तसं नाही खाल्लं. त्या भर उन्हात बर्डीवर जाऊन थर्मासमध्ये घालून आणलं, वितळू नये म्हणून. दोन कप. धाकट्याने उठल्या-उठल्या खाऊन टाकलं, त्याले काही ठाऊकच नव्हतं काय झालं ते. तुझ्यापुढे चमचा धरला तर तू दात आवळून बसला. डॉक्टर म्हणत होते काहीतरी पोटात गेलं पाहिजे. तू मुंडी हलवून राहिला नाही नाही म्हणून. मग खुणेने पाटी मागितली अन् तिच्यावर लिहिलं, 'औषध'. तुले वाटलं पुन्हा फसवून राहिले. मग तुझे बाबा म्हणाले, बघ, मी खातो, मग तर खाशील? अन् एक चमचा खाल्ला. तू बघत राहिला. दुसरा खाल्ला. तू बघतच. असं करता करता संपलं. अन् त्यांचे दात! त्यांना माठातलं पाणी सोसत नव्हतं, मी नेहमी कोमट करून द्यायची. त्या दिवशी रात्रभर गाल धरून बसले होते. तू झोपला होता."

मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाही? तर म्हणाली, "तू कधी विचारलं?"

पाटीचं मला काहीच आठवत नाही.

तर्रीपोहे

काका. 'गुन्हा' म्हटलं ते परत घेतो.

वाळ्याचापडदा

दोन वेळा वाचलं. धाकट्या भावाचं काय म्हणणं?

महालवासी

त्याला फोन केला. तो म्हणाला, "मला फक्त आईस्क्रीम आठवतं, फार मस्त होतं." त्याला टॉन्सिल काढल्याचं कळलं तेच मुळी कॉलेजात, कुठल्याशा वैद्यकीय तपासणीत.

सहाचीगाडी

गुरुवारी झालं. मंगळवारी रात्री सांगितलं होतं. तासभर रडली, मग तिने स्वतःच्या बाहुलीला तेच सगळं समजावून सांगितलं, "दुखेल पण मी तिथेच असेन" वगैरे. आत चालत गेली. सासूबाई मला म्हणाल्या, बरं केलंस. इतकंच म्हणाल्या, पण त्यांच्याकडून हे फार आहे.

काल रात्री पहिल्यांदा ती न घोरता झोपली, आणि मी सवयीने दोनदा उठून नाकापुढे हात धरून पाहिला.

आईस्क्रीम मात्र तिला नको आहे. दोन चमचे खाऊन सरकवलं. गार वरणभात मागते, तोही मिक्सरमधून काढलेला. पण प्रत्येक घासाला तोंड वेडंवाकडं करते.

महालवासी

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, त्या पोरीच्या मायला लिही, वरणात मीठ कमी टाक अन् लिंबू अजिबात पिळू नको, झोंबते.